‘किती टन?’ या प्रश्नामागे

एका चर्चेत मी ठामपणे म्हटलं होतं, की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घातली. ‘किती टनांची?’ असं कुणीतरी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. त्याच रात्री ‘मॅसॅच्युसेट्स विरुद्ध ईपीए’ (ईपीए म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था) हा निकाल उतरवून घेतला.

सुरुवातीलाच चूक झाली. निकालाच्या आधी काही पानांचा गोषवारा असतो. तो सोपा वाटला म्हणून त्यावरूनच टिपणं काढली. वरची बारीक अक्षरांतली टीप दोन दिवसांनी वाचली: हा गोषवारा न्यायालयाच्या मताचा भाग नाही, वाचकांच्या सोयीसाठी आहे. टिपणं बाजूला ठेवली आणि न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालापासून पुन्हा वाचायला बसलो.

मुळात मॅसॅच्युसेट्स या राज्याला न्यायालयात दाद मागता येते का, हा भाग तांत्रिक समजून मी गाळला होता. पण न्या. रॉबर्ट्स यांचं विरोधी मत सगळं त्यावरच आहे, म्हणून मागे यावं लागलं. समुद्र वर चढतोय, किनाऱ्याची जमीन राज्याच्या मालकीची आहे, म्हणजे नुकसान राज्याचंच. एवढ्यावर दार उघडलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टमधल्या, म्हणजे हवेच्या प्रदूषणाविषयीच्या कायद्यातल्या शब्दांवर. ‘वेल्फेअर’साठी मी ‘लोककल्याण’ लिहिलं होतं, पण वाक्य काही केल्या जुळेना. शेवटी कायद्यातली व्याख्या काढली. त्यात माती, पाणी, पिकं आणि चक्क हवामानही! प्रदूषकाच्या व्याख्येत ‘कोणताही’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि स्टीव्हन्स यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलंय. मात्र टनाचा आकडा निकालात कुठेच नाही. ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालय एवढंच म्हणालं, की कार्बन डायऑक्साइडसारख्या, हवामान तापवणाऱ्या वायूंपासून धोका आहे की नाही हे ईपीएने विज्ञानाच्या आधारे ठरवावं, इतर कारणं पुढे करू नयेत. डिसेंबर २००९ मध्ये ईपीएने सहा वायूंपासून धोका असल्याचा निष्कर्ष काढला.

टन सापडले ते याच न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात. मोठ्या स्रोतांच्या परवान्यासाठी कायद्यात वर्षाला १०० किंवा २५० टन लिहिलेले. कार्बन डायऑक्साइडला तेच लावलं तर लहानसहान इमारतीही परवान्याच्या कक्षेत येणार, म्हणून ईपीएने उंबरठा ७५ हजार आणि १ लाख टनांवर नेला. कायद्यातला आकडा बदलणं तुमच्या हातात नाही, असं न्यायालयाने बजावलं.

२०२२ चा ‘वेस्ट व्हर्जिनिया’ निकाल वाचताना मात्र मन खट्टू झालं. ईपीएने कोळशाकडून गॅस, वारा, सूर्याकडे वीजनिर्मिती वळवणं हे कायद्यातल्या ‘सिस्टिम’ (प्रदूषण कमी करण्याची पद्धत) या शब्दात बसत नाही, एवढ्या मोठ्या निर्णयाला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची स्पष्ट परवानगी हवी, असं ६ विरुद्ध ३ मतांनी ठरलं. मला न्या. केगन यांचं विरोधी मत जास्त पटलं. काँग्रेसने व्यापक शब्द वापरला असेल, तर तो विचार करूनच वापरला असणार.

जुलै २०२५ मध्ये ईपीएने २००९ चा तो निष्कर्षच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात २०२२ च्या निकालाचाही आधार घेतलाय. म्हणून स्टीव्हन्स यांचं ‘कोणताही’वालं पान मी पुन्हा उघडलं आहे.