आम्ही की आपण?

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेच्या जिन्यात संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा. कोल्हापूरकडची एखादी मुलगी घरी फोनवर सांगत असते, "जेवलो गं आई, आता अभ्यासाला बसतो." फोन ठेवते आणि मैत्रिणीला म्हणते, "थांब, मी पण येते." तिच्याकडे बायकाही सर्रास 'येतो-जातो' म्हणतात. पुण्यात तसं बोललं की कुणीतरी हसतं, मग एक 'मी' घरच्यासाठी राहतो आणि दुसरा पेठेसाठी तयार होतो. याला 'भाषा सुधारली' म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

मराठीत 'मी' हा शब्द मुलाचा आणि मुलीचा एकच, पण क्रियापद गुपित फोडतं: जातो-जाते, गेलो-गेले. इंग्रजीत ही सक्ती नाही. मराठीतही ती सगळीकडे नाही. 'जाईन' दोघांचं. 'मी पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीकडे बघतं, बोलणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

पण खरी गंमत 'आम्ही' आणि 'आपण' यांत आहे. दारात पाहुणा उभा असताना "आम्ही जेवायला बसतोय" म्हटलं तर त्यानं चपला काढायच्या नाहीत. "आपण जेवायला बसू या" म्हटलं तर त्याचं पान वाढलं. (पुणेकरांवरचे निम्मे विनोद पहिल्या वाक्यावर चालतात.) समोरचा आपल्यात धरला आहे की नाही, हे मराठीत सांगावंच लागतं. हिंदीतला 'हम' हा फरक करत नाही. गुजरातीत तो आहे, तेलुगू-तमिळमध्येही आहे, आणि मराठीत तो द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात 'आपण' आदरार्थी 'तुम्ही'चंही काम करतो, म्हणजे परक्याला मान द्यायला आणि आपल्यात ओढायला शब्द एकच.

इंग्रजी माध्यमातली मुलं नेमकी इथे घसरतात. आईलाच विचारतात, "आम्ही कधी निघायचं?" डोक्यात 'वी' असतो, त्याला मराठीत दोन दारं आहेत हे कानावर पुरेसं पडलेलं नसतं. दुसरी घसरण 'मला'ची. "मला भूक लागली", "मला राग आला" यात भूक आणि राग बाहेरून येऊन माणसाला गाठतात, मुलं म्हणतात, "मी हंग्री आहे." यावरून मराठी माणूस रागाची जबाबदारी घेत नाही, असला निष्कर्ष काढू नका. भाषा विचारांना कुलूप लावते, हे मत अभ्यासकांनी कधीच मागे टाकलंय. ती फक्त काही गोष्टी रोज सांगायला लावते.

नात्यांच्या शब्दांत तर समाजाची जुनी चालही राहून जाते. सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' का? मामाच्या मुलीशी लग्न होत असे, तेव्हा त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असे. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी 1953 च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात बसवलं, त्यात या लग्नांचा मोठा वाटा आहे. आता सोसायटीत मावशी, काकू, मामी, आत्या सगळ्या 'आंटी'. माहेरची कोण, सासरची कोण, काही कळत नाही.

घरी तपासायचं असेल तर जेवताना वीस मिनिटं फोनवर रेकॉर्डिंग करा, घरच्यांना सांगून. पहिली पाच मिनिटं सोडून द्या, तेव्हा सगळेच पुस्तकी बोलतात. उरलेल्यात मुलांचे 'आम्ही', 'आपण' आणि 'मला' मोजा. चुकलेले वेगळे लिहा. चूक ऐकली की वाक्य तोडून दुरुस्त करू नका. टोकलं की मूल इंग्रजीत शिरतं, तिथे त्याला कुणी अडवत नाही. बरोबर रूप आपल्या उत्तरात घाला: "आम्ही कधी निघायचं?" "आपण सहाला निघू." महिन्याने तेवढंच रेकॉर्डिंग पुन्हा करा. आजी घरात असेल तर ती टोकणारच. तिला रेकॉर्डिंगच्या दिवशी मुलांच्या शेजारी बसवू नका.