शाळेचा एक किलोमीटर आणि मधला चौक

शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत असायला हवी. सात वर्षांचं मूल एवढं अंतर रमतगमत २० मिनिटांत चालतं. तरीही शहरात त्यासाठी स्कूटर निघते, कारण पालकांना भीती असते ती मधल्या चौकाची. म्हणून ‘चालत या’ असा फलक शाळेत लावून काही होत नाही. चौक कोण पार करून देणार, हे आधी ठरलं पाहिजे.

यावर आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते ती ‘चालती बस’. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंग्विक्ट यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. रस्ता ठरलेला, थांबे आणि वेळा ठरलेल्या, फक्त गाडी नाही. एक मोठं माणूस पुढे, एक शेवटी, मधे मुलं जोडीजोडीने. पहिली-दुसरीच्या ४-५ मुलांमागे एक मोठं माणूस धरावं. तिसरी-चौथीच्या ८ मुलांना एक पुरतं. पण मुलं चारच असली तरी मोठी माणसं दोन हवीतच. एखाद्याच्या बुटाची लेस सुटली की एकाला थांबावंच लागतं.

रस्ता नकाशावर ठरवू नका. शाळेच्याच वेळेला, मुलाला बरोबर घेऊन चालून बघा आणि मधेमधे त्याच्या उंचीला वाका. उभ्या केलेल्या गाडीमागून आपल्याला रस्ता दिसतो, त्याला फक्त पत्रा दिसतो. विजेची डीपी, टपरी, पार्क केलेल्या गाड्या यांमुळे फूटपाथ कुठे सोडावा लागतो, कोणत्या चेंबरचं झाकण हलतं, कुत्री कुठे बसतात, हे लिहून काढा. दोनशे मीटरचा वळसा पडला तरी आतल्या गल्लीचा रस्ता घ्या. फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने चालायचं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. मुलं कडेला, मोठी माणसं रहदारीच्या बाजूला.

रस्ता ओलांडताना मात्र ओळ मोडायची. बारा मुलं जोडीने एकामागे एक गेली, तर ७ मीटरच्या रस्त्याला साधारण १३ सेकंद लागतात. तीच सगळी काठावर शेजारी-शेजारी उभी राहून एकदम निघाली, तर ७ सेकंदांत पलीकडे. आपल्याकडे गाड्यांमध्ये तेवढीच फट मिळते.

हे उपक्रम बंद पडतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एकाच उत्साही आईवर सगळे दिवस पडतात. त्याऐवजी प्रत्येक घराने आठवड्यातला एक दिवस घ्यावा आणि एक घर राखीव असावं. दुसरं, बस उशिरा उठणाऱ्या मुलासाठी थांबते. थांब्यावर एकच मिनिट, मग निघायचं. सगळ्यांना उशीर झाला की पुढच्या आठवड्यात सगळे परत स्कूटरवर.

सुरुवात जूनमध्ये करू नका. शाळा आणि पाऊस एकदमच येतात आणि सवय लागायच्या आत मोडते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू करा. राज्यात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत, त्यामुळे हिवाळ्यातल्या अंधाराची अडचण नाही; ऑफिसची गर्दी मात्र त्याच वेळेला असते.

दप्तर तोलून बघा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावं, म्हणजे २२ किलोच्या मुलाला २.२ किलो. लिटरभर पाण्याची बाटली एकटीच किलोभर भरते. शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असेल तर ती अर्धीच भरा.

सायकलची घाई नको. साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. तोवर सायकल मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात. शिकवताना बाजूची छोटी चाकं आणि दोन्ही पेडल काढा, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्या आणि पायांनी ढकलत तोल सापडू द्या. पेडलला बहुधा १५ मिमीचा पाना लागतो; डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सुटतं. सात वर्षांच्या मुलाला ‘पुढे पुरेल’ म्हणून २४ इंची सायकल घेणं ही फार मोठी चूक आहे. पाय टेकत नाहीत, मग थांबायचं म्हणजे उडी मारायची. या वयाला उंचीप्रमाणे १६ किंवा २० इंची पुरते. ब्रेकचा लिव्हर मुलाच्या बोटांना दाबता येतो का, ते दुकानातच बघा. पिशवी हँडलला कधीच अडकवू नका. हँडल एका बाजूला ओढलं जातं.

लांबून गाडीने येणाऱ्यांसाठी शाळेपासून ३००-४०० मीटरवर एक थांबा ठरवा आणि तिथून त्यांनाही चालत्या बसमध्ये घ्या. फाटकापाशी वळणाऱ्या, मागे येणाऱ्या स्कूटर आणि व्हॅन याच चालणाऱ्या मुलांना सगळ्यात जास्त अडचणीच्या असतात. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटं फाटकासमोर गाड्या थांबू नयेत, यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वाहतूक शाखेला आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला द्या. सोबत चालून काढलेला रस्त्याचा कच्चा नकाशा आणि फोटो जोडा.