फेब्रुवारीचे तीनशे रुपये

"मॅडम, ह्या महिन्यात शंभर रुपये जास्त कापलेत."

दर वर्षी मार्चच्या सात तारखेला कुणीतरी पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाशी येतं. ह्या वर्षी हाउसकीपिंगमधला एक दादा आला. पगार चौदा हजार. फेब्रुवारीत आधीच हजेरी कमी भरते, त्यात हे शंभर.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी गेली अकरा वर्षं पगारपत्रक करते. त्याला सांगितलं, हा पीटी, म्हणजे व्यवसाय कर. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर अडीच हजार. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "मग मोठ्या साहेबांचे किती?"

इतरांचा पगार सांगायचा नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. पण हा एक आकडा सांगितला तरी गुपित फुटत नाही. "तेवढेच, दादा. तीनशे."

त्याला ती थट्टा वाटली.

थट्टा नाही. महिन्याला दहा हजारांच्या वर कमावणाऱ्या पुरुषाला महाराष्ट्रात हा कर सारखाच. महिन्याला पाच लाख घेणाऱ्याचे शंभर रुपयांमागे चार पैसे जातात, दादाचा जातो दीड रुपया. राज्यघटनेच्या 276व्या कलमानं ह्या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. ती 1988 साली अडीचशेवरून वाढवली, त्यानंतर तिथेच. तेव्हापासून पगार कुठल्या कुठे गेले! आणखी एक गंमत, जी फक्त आम्हा हिशेबवाल्यांना दिसते. आयकराच्या जुन्या पद्धतीत भरलेला पीटी उत्पन्नातून वजा होतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यातून साडेसातशे वाचतात. दादाला आयकरच लागत नाही, मग त्याचं वाचणार काय?

साहेबांचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, दादाच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त असतो, हे मान्य. पण तो पगारावर. साठलेल्या संपत्तीचं काय? वारसा हक्कानं मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर 1985 साली गेला, संपत्ती कर 2015च्या अर्थसंकल्पात गेला. वसुली कमी आणि कटकट फार, असं कारण दिलं गेलं. वसुली कमी होती हे खरंच, पण गळणारी टाकी आपण दुरुस्त करतो, फेकून देत नाही.

मला ह्या कराचा राग येत नाही, उलट माया आहे. 1975 साली तो आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे रोहयोसाठी. ही योजना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. हिशेब असा: शहरातल्या पगारदारानं थोडं द्यावं, जेवढं गोळा होईल तेवढंच सरकारनं आपलं घालावं आणि खेड्यात मागेल त्याला काम मिळावं. 1977 साली त्याचा कायदा झाला. पुढे 2005 साली केंद्रानं आख्ख्या देशासाठी केला, त्याचं मूळ हेच.

आमचं गाव आटपाडीकडचं. 1972च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, लहानग्या आत्याला सुकडी मिळते म्हणून सोबत न्यायची. घण चुकून बसला तो डाव्या अंगठ्यावर. ते नख पुढे कधी सरळ आलंच नाही, भाकरी थापताना मी ते बघत बसायचे. नंतर रोहयोवर आई पाझर तलावाच्या कामाला गेली. ते पैसे कुठल्या तरी पुण्या-मुंबईच्या कारकुनाच्या चिठ्ठीतून आले असणार. आज ती चिठ्ठी मी करते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मर्यादा उठवा, लाखाच्या वर पगार असेल तर टक्केवारीनं घ्या. 2023 साली पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारदार बायकांना हा कर माफ झाला, तेव्हा आमच्या पॅकिंगमधल्या सगळ्यांच्या रकान्यात एका महिन्यात शून्य आलं. मनावर घेतलं की होतं. वरच्या मर्यादेला घटनादुरुस्ती लागेल, पण 1988 साली झालीच होती की.

दादा जाताना म्हणाला, "आधी सांगायचं होतं ना, मी तीनशे धरून चाललो असतो." बरोबर आहे त्याचं. पुढच्या वर्षी जानेवारीतच फळ्यावर कागद लावणार आहे.