डावीकडचे दीड मिलिमीटर

४ फेब्रुवारी

आज कॅलिपर लावला तेव्हा कळलं. जहाजाच्या मॉडेलच्या मधल्या बल्कहेडपाशी, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या चौकटीपाशी, डाव्या बाजूची सातवी फळी उजवीपेक्षा दीड मिलिमीटर वर बसली आहे. आठवडाभर डोळ्याला काहीतरी खटकत होतं; दिव्याची सावली असेल म्हणून मी सोडून देत होतो.

वासा या स्वीडिश युद्धनौकेचं मॉडेल करतोय, १:७५ प्रमाणात. १६२८ मध्ये बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं जहाज ते. दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर अकरा सेंटिमीटरांहून जास्त. एवढा फरक शेवटपर्यंत लपत नाही. पुढे तोफांच्या खिडक्यांची रांग याच फळ्यांवरून मोजायची आहे.

कारणही ठाऊक आहे. फळ्या नेहमी आळीपाळीने लावायच्या, डावीकडे एक की उजवीकडे एक. भिजवून वाकवलेली फळी सुकताना आक्रसते आणि सगळ्या सांगाड्याला आपल्याकडे ओढते. समोरून तेवढीच ओढ नसेल तर कील, म्हणजे तळाचा लांब कणा, पिळली जाते. मागच्या रविवारी डावी बाजू इतकी सुरेख जमत होती की एका बैठकीत सलग चार फळ्या चिकटवल्या आणि उजवी तशीच उघडी ठेवून झोपलो. त्या एका रात्रीत पीळ बसला.

६ फेब्रुवारी

चारही फळ्या काढल्या. पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो. ब्रशने थेंबथेंब सोडायचं, वाट पाहायची, पातळ पातं आत सरकवायचं. घाई केली की फळीचा थर सुटून येतो. दोन संध्याकाळी गेल्या. दोन फळ्या शाबूत निघाल्या, दोन मोडल्या.

मोकळी झाल्यावर कील बरीचशी सरळ झाली, पण पूर्ण नाही. अर्धा मिलिमीटर राहिला, तो आता राहणारच.

काम करताना त्या चार मोजपट्ट्या सारख्या आठवत होत्या. वासाच्या आत सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या. स्वीडिश फुटात बारा इंच, ॲमस्टरडॅमच्या फुटात अकरा, आणि इंचही एकसारखे नाहीत. एकाच जहाजावर दोन प्रकारचे फूट चालत होते! जहाज वर काढल्यावर संशोधकांनी प्रत्येक लाकूड मोजलं तेव्हा दिसलं की वासाच्या दोन बाजू सारख्या नाहीत, डावीकडे लाकूड जास्त भरलं आहे. सुतारांना मिळालेला आकडा तोच, पण तो मोजणारी पट्टी ज्याची त्याची. माझ्या चुकीला हे निमित्त म्हणून वापरायचं नाही. माझ्याकडे एकच पट्टी आहे आणि चूक आळसाची आहे. तरीही पातं सरकवताना वाटत होतं, त्या पट्ट्या ज्यांच्या खिशात होत्या त्यांच्यातल्या कुणालाही माझा हा रविवार समजला असता.

२१ फेब्रुवारी

किटची पद्धत अशी: आधी कील, तिच्यावर आडवे बल्कहेड, मग बाहेरून फळ्या. पहिला थर जाड, साध्या लाकडाचा. दुसरा अर्ध्या मिलिमीटरचा, दिसण्याचा. म्हणजे आकार आधीच ठरलेला असतो, फळ्या फक्त त्याला पांघरूण घालतात.

वासा बांधणारा हेन्रिक हिबर्ट्सन हा डच कारागीर होता आणि डच पद्धत नेमकी उलटी होती. तळाच्या फळ्या आधी एकमेकींना जोडायच्या, तात्पुरत्या पट्ट्या ठोकून धरायच्या आणि तळाचा आकार मनासारखा आला की मग आतून फासळ्या बसवायच्या. बांधणीचे आराखडे काढत नसत. लांबी, रुंदी आणि काही मुख्य मापं ठरायची, बाकी सगळं प्रमुख कारागिराच्या डोक्यात आणि नजरेत. तो माणूस जहाज पुरं व्हायच्या आधी, १६२७ साली गेला. काम हेन याकोब्सनने पुढे नेलं आणि कारखान्याची जबाबदारी हेन्रिकची बायको मार्गारेटा निल्सडोटर हिच्याकडे आली.

माझ्या टेबलावर चौदा मोठे नकाशे पसरले आहेत आणि त्यातल्या एकेका रेषेवर मी अडून बसतो. ज्या जहाजाचा नकाशाच नव्हता त्याचे हे नकाशे आहेत, जहाज बुडून वर आल्यावर त्याच्याच अंगावरून उतरवलेले. नकाशा आणि माझी फळी जुळत नसली तर आता मी फळीकडेही थोडा वेळ पाहतो.

१५ मार्च

दुसरा थर चालू. किटमध्ये अक्रोडाच्या पट्ट्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. अक्रोडाला मोठ्या रेषा असतात, भोकं दिसतात. माणसाच्या उंचीला शोभणारं ते लाकूड पंचाहत्तर पट लहान जहाजावर लावलं की प्रत्येक रेष खऱ्या मापात मनगटाएवढी होते. जहाज लहान करता येतं, लाकडाचा पोत लहान होत नाही. खरा वासा ओकचा आहे, पण ओकचा वासा ओकचा करायला जावं तर तो खोटा दिसतो. म्हणून नासपतीचं लाकूड घेतलं. त्याचा पोत इतका बारीक की नुसत्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही.

नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, फळ्यांची गर्दी होते, तिथे प्रत्येक फळी निमुळती करावी लागते. मागे उलट, जागा उरते, तिथे पाचर घालावी लागते. हे सगळं छोट्या रंध्याने. रंधा नीट लागला की पारदर्शक ढलपी निघते आणि ती फुंकरीने उडवायला मला अजून आवडतं.

फळ्या ठोकायच्या लाकडी खुंट्या बांबूच्या केल्या. सोनार तार ओढतात तशी भोकांची पोलादी पट्टी असते, तिच्यातून बांबूची काडी क्रमाने लहान भोकांतून ओढायची. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आणल्या. आज साठ बसवल्या.

११ एप्रिल

आज पहिल्यांदा नुसतं अंग, डोलकाठ्यांशिवाय, दोन्ही हातांत उचललं. पाणरेषा पेन्सिलने आखली आहे. तिच्या खाली ६४ मिलिमीटर. मागच्या बाजूला, कीलपासून वरच्या टोकापर्यंत, २५७. आणि या सगळ्यावर अजून डोलकाठ्या यायच्या आहेत, त्यांचं टोक ७०० वर.

हे आकडे मी कितीदा वाचले होते. खऱ्या जहाजाचं पाण्याखालचं अंग ४.८ मीटर, मागची उंची १९ मीटरांवर, मधल्या डोलकाठीचं टोक ५२.५ मीटर. पण बोटांनी पाणरेषेखाली धरून पाहिलं आणि मनगटालाच कळलं. हातातली वस्तू कलंडू पाहत होती. वर दोन मजले तोफांचे. एकूण ६४ तोफा, बहुतेक २४ पौंडी गोळा फेकणाऱ्या, प्रत्येक तोफ टनाहून जड. तोल राखायला तळाशी सुमारे १२० टन दगड होते. आणखी दगड भरायला जागा असती तरी उपयोग नव्हता. जहाज आणखी खाली बसलं असतं आणि खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याजवळ गेल्या असत्या.

तेव्हाही कळलं होतंच. निघण्याआधी तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावायला लावलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलू लागलं की ॲडमिरल क्लास फ्लेमिंगने ती चाचणी थांबवली. राजा गुस्ताव दुसरा ॲडॉल्फ युद्धावर होता आणि जहाज लवकर हवं होतं. पुढे चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही.

मी ते अंग स्टँडवर ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. गरज नव्हती.

३० मे

रंग. माझ्या किटच्या खोक्यावरच्या चित्रात जहाजाची मागची भिंत गडद निळी आहे, वर सोनेरी मूर्ती. पूर्वी तसंच मानलं जाई. नंतर लाकडात शिल्लक राहिलेले रंगाचे कण तपासले, तेव्हा पार्श्वभूमी लाल निघाली आणि मूर्ती नुसत्या सोनेरी नव्हे तर अंगाच्या रंगाच्या, हिरव्या, पिवळ्या, गुलाबी. वासाच्या संग्रहालयातलं १:१० चं मोठं मॉडेल त्याच रंगांत आहे. पहिल्यांदा पाहताना ते भडक वाटतं. आपल्याला जुनं लाकूड तपकिरी पाहायची सवय झाली आहे.

मी लाल घेतला. तीन दिवस मूर्तींचे चेहरे रंगवतोय. खिडक्यांच्या झडपांच्या आतल्या बाजूला सिंहाचं तोंड, करंगळीच्या नखाएवढं. झडप उघडली की शत्रूला दिसावं म्हणून. पहिल्या पाच सिंहांचे डोळे बिघडले, ते पुसून पुन्हा केले.

१९ जुलै

दोऱ्या. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि मला सगळ्यात प्रिय हेच आहे.

शिवणाचा दोरा जसाच्या तसा लावला तर त्याचे तंतू काट्यासारखे उभे राहतात. म्हणून दोर स्वतः वळतो. तीन पदर एका दिशेला पिळायचे, मग तिघांना मिळून उलट्या दिशेला. ही उलटसुलट ओढच दोराला दोर ठेवते, नाहीतर सोडताक्षणी उलगडेल. नंतर मधमाशीच्या मेणातून ओढायचा. डोलकाठ्यांना धरणारे स्थिर दोर डांबरासारखे गडद, शिडं हलवणारे फिकट.

नेपोलियनच्या काळात ब्रिटनमध्ये अडकलेले फ्रेंच युद्धकैदी जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजं करत, आणि दोरांसाठी त्यांच्यातले काही माणसाचे किंवा घोड्याचे केस वापरत. त्यांची मापं बरेचदा अंदाजाने असत, कारण नकाशे कुठून येणार. आठवणीतून केलेली जहाजं ती. मी ते वाचल्यापासून माझ्या दोरांबद्दल कुरकुर करायचं सोडलं आहे.

डोलकाठीवर चढायच्या आडव्या दोऱ्या पाच पाच मिलिमीटरवर, प्रत्येक छेदावर दोन वेढ्यांची गाठ. गाठ जास्त आवळली की उभे दोर कमरेत बारीक होतात, सैल ठेवली तर पायरी झोळ खाते. मागे नकाशाचा एक कागद उभा करून त्यावरच्या रेषांवरून गाठी मारतो. काल दोनशे दहा झाल्या. डोळे दुखले की थांबायचं, असा नियम केला आहे आणि बहुतेक वेळा पाळतो.

२४ ऑगस्ट

शिडांचा प्रश्न बरेच दिवस टाळला होता. बहुतेक मॉडेल बिनशिडाची असतात. कापडाचा विणकाम-पोत लाकडाच्या रेषेसारखाच लहान होत नाही, त्यामुळे शिडं केली की पडदे वाटतात. दुसरा प्रकार म्हणजे दहाच्या दहा शिडं फुगलेली, विजयी. वासा तसा कधी गेलाच नाही.

१० ऑगस्ट १६२८ रोजी त्याने दहांपैकी चारच शिडं उभारली होती. पुढच्या डोलकाठीवर दोन, मधलीवर वरचं एक, मागच्या डोलकाठीवरचं तिरकं. उरलेली सहा आत कोठारात घडी करून ठेवलेली, ती ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये जहाज वर आलं तेव्हा जहाजात होती. सलामी देण्यासाठी तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, सावरलं. दुसऱ्या झोताला डावीकडे इतकं झुकलं की खालच्या खिडक्यांतून पाणी आत आलं. जेमतेम १३०० मीटर गेलं होतं. सुमारे तीस माणसं गेली.

मी चार शिडं करणार. अगदी पातळ कागदाची, दोन्ही बाजूंनी चहाच्या फिकट पाण्याचा हात दिलेली. आणि खिडक्या सगळ्या उघड्या. पहिल्या झोताच्या आधीची घटका.

१३ सप्टेंबर

शिडं लागली. जहाज पुरं दिसतं आणि तरी दोन दिवस पाहतोय, ते रिकामं वाटतं.

त्या दिवशी खलाशांना बायकामुलं सोबत आणायची परवानगी होती, बेटांमधून व्हॅक्सहोमपर्यंत. जहाजात सापडलेल्या सांगाड्यांना अक्षरं दिली आहेत. त्यांतला जी या अक्षराचा सांगाडा अनेक वर्षं पुरुषाचा समजत, त्याला गुस्ताव म्हणत. २०२३ मध्ये डीएनएवरून कळलं की ती स्त्री होती. आता तिला गर्ट्रूड म्हणतात. खरं नाव कुणाला माहीत नाही.

काल नासपतीच्या उरलेल्या तुकड्यातून एक बाई कोरली. उंची १६० सेंटिमीटर धरली, म्हणजे २१ मिलिमीटर. पायघोळ घागरा, डोक्याला रुमाल, एक हात पुढे. चेहरा केला नाही. कोरताना पटाशीच्या टोकाखाली ती इतकी लहान होती की श्वास रोखून काम करावं लागलं.

आज तिला वरच्या डेकवर, मागे जाणाऱ्या जिन्यापाशी उभी केली, हात कठड्यावर येईल अशी. आणि जिना चुकलेला दिसला. किटमधला तयार जिना आहे तो, कुठल्याही प्रमाणाच्या खोक्यात तोच घालतात. मी न मोजता लावला होता. पायऱ्यांमधलं अंतर सात मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात अर्ध्या मीटरहून जास्त. पहिलीच पायरी तिच्या गुडघ्याच्या वर येत होती. घागरा सावरत तिला ती चढताच आली नसती.

बाईला बशीत ठेवलं. जिना अल्कोहोलने सोडवला, डेकला ओरखडा न येता निघाला. उद्या नवा करायचा, पायऱ्या चार मिलिमीटरवर. पुढच्या डेकचे दोन जिनेही तिच्याशेजारी धरून तपासायचे आहेत.