एअरबॅगचा दिवा बॅटरीच्या दिव्याला जोडलाय, हे लिहून कोण देणार?

जुन्या गाडीच्या मीटरमधल्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या, वॉर्निंग लाइटची बनवाबनवी शोधून काढणं तसं अवघड नाही. किल्ली, मोबाइलचा कॅमेरा आणि गाडीतल्या संगणकाने नोंदलेले बिघाड वाचणारा एक बरा स्कॅनर एवढ्यावर ती सापडते. खरी दमछाक होते ती सापडलेली गोष्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून कागदावर उतरवून घेताना. माझा सगळा राग त्या काउंटरवरचा आहे, त्यामुळे हे लिखाणही तिकडेच झुकणार, हे आधीच सांगतो.

गाडी 2016 सालची पेट्रोल हॅचबॅक. पुढे दोन एअरबॅग, एबीएस, साधी किल्ली. जुन्या गाड्यांच्या डीलरकडून घेतलेली आणि सोबत त्याचीच छापील तपासणी यादी. त्या यादीत 'मीटरवर कोणतीही वॉर्निंग लाइट नाही' या ओळीपुढे टिकमार्क होता. अशी यादी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं यातलं काहीच पुसू नका. पुढे सगळ्यात जास्त उपयोग याच टिकमार्कचा झाला.

तपासणीची सुरुवात किल्लीपासून. किल्ली 'ऑन'पर्यंत फिरवायची, स्टार्टर मारायचा नाही. बटण स्टार्ट असेल तर बहुतेक गाड्यांत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबायचं. आता मीटरवर चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एसआरएस म्हणजे एअरबॅग आणि हँडब्रेक हे सगळे दिवे लागले पाहिजेत. एबीएसचा दोन-तीन सेकंदांत आणि एअरबॅगचा साधारण चार ते सात सेकंदांत आपोआप विझतो, इंजिन बंद असलं तरी. ऑइल आणि बॅटरी मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलेच राहतात. चेक इंजिनही बहुतेक गाड्यांत तसाच.

एखादा दिवा मुळात लागलाच नाही, तर बहुतेक वेळा आतला एलईडी काढलाय किंवा त्यावर काळी टेप मारली आहे. ऑइलचा दिवा लागत नसेल तर मीटर खोलायच्या आधी इंजिनवरच्या ऑइल प्रेशर स्विचचा कपलर (वायरचा जोड) बघा, तो नुसता काढून ठेवला तरी दिवा गप्प बसतो. (जुन्या बेस मॉडेलला एअरबॅगच नसेल तर दिवाही नसतो. 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्याआधीच्या गाडीत ओनर्स मॅन्युअलमधलं मीटरचं पान आणि व्हेरियंट ताडून बघा.)

या गाडीत दिवा लागत होता. पण सात सेकंद झाले, दहा झाले, विझायचं नाव नाही. इंजिन सुरू केलं की लगेच विझायचा. वरवर बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटणार, कारण किल्ली फिरवल्यावर स्टार्टर न मारता दहा सेकंद थांबतो कोण? मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग घेतलं तेव्हा बॅटरीचा आणि एअरबॅगचा दिवा एकाच फ्रेममध्ये विझताना दिसले. मग गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन मुद्दाम बंद पाडलं. बॅटरीचा दिवा लागला, तो लागायलाच हवा. त्याच्यासोबत एअरबॅगचाही लागला. इंजिन बंद पडण्याचा आणि एअरबॅगचा काडीचाही संबंध नाही, त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही. ही चाचणी मोकळ्या मैदानात करा, आणि व्हिडिओत गाडीचा नंबर, किलोमीटर आणि मीटर एकाच शॉटमध्ये येऊ द्या.

पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथ डोंगल आणि साधं अ‍ॅप इथे कामाचं नाही, ते फक्त इंजिनचे बिघाड-कोड वाचतं. इंजिनपुरता मात्र तो छान आहे. अ‍ॅपमध्ये 'एमआयएल ऑन' (म्हणजे चेक इंजिनचा दिवा चालू) दिसतंय आणि मीटरवर चेक इंजिन अंधारात, तर चोरी तिथल्या तिथे पकडली. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हाही आकडा बऱ्याच गाड्या देतात. तो पन्नास किलोमीटरच्या आत असेल आणि रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच घेते त्या चाचण्या) अर्धवट दिसत असतील, तर विक्रीच्या तोंडावर कोड उडवले आहेत किंवा बॅटरी तरी काढली आहे. डिझेलमध्ये धूर आवरणारे डीपीएफ-ईजीआर हे भाग सॉफ्टवेअरमधून बंद केलेले असतील तर हा डोंगलही ते पकडत नाही, तो वेगळाच विषय.

एअरबॅगसाठी एसआरएस युनिटशी, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या संगणकाशी, बोलणारा स्कॅनर लागतो. मल्टिब्रँड गॅरेजवाल्याकडे ऑटेल किंवा लाँच कंपनीचा असतो. तिथे ड्रायव्हर एअरबॅगचं सर्किट ओपन (जोडणी तुटलेली), सीट बेल्ट प्रीटेन्शनरचं (धडकेत बेल्ट आवळणाऱ्या भागाचं) सर्किट ओपन आणि क्रॅश डेटा, म्हणजे धडकेची माहिती, नोंदलेला, असे कोड आले. गाडी ठोकली गेली होती, बॅग उडाली होती आणि आत नवी बसवलीच नव्हती. क्रॅश नोंदला की बहुतेक युनिट लॉक होतं, नेहमीच्या स्कॅनरने कोड पुसला जात नाही, दिवा कायम पेटलेला राहतो. युनिटची वायर तोडून भागत नाही, कारण निरोप येईनासा झाला की बऱ्याच गाड्यांचं मीटर स्वतःहून दिवा लावतं. म्हणून ही मीटरच्या आतली कारागिरी.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. आता तो काउंटर.

गॅरेजवाल्याच्या कागदाला डीलर किंमत देत नाही, 'तुम्हीच करून आणलं असेल' म्हणतो. म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा पहिला प्रश्न: "गाडी चालू असताना दिवा लागत नाही ना? मग तक्रार काय?" त्यांच्या संगणकात तक्रारी ठरलेल्या यादीतून निवडायच्या असतात आणि तिथे 'मीटर लाइट नॉट वर्किंग'च्या जवळपासचं काहीतरी टाकून ते मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका. ग्राहकाच्या शब्दांत तक्रार लिहायची मोकळी जागा त्याच फॉर्ममध्ये असते. तिथे वाक्य सांगून लिहून घ्या, स्क्रीनवर वाचा, मगच सही करा.

दुसरी गोष्ट गाडी आत जाण्याआधीच बजावायची: कोड आधी प्रिंट करा, मग पुसा. टेक्निशियनचा हात सवयीने आधी 'क्लिअर'वर जातो. लॉक झालेला क्रॅश कोड राहतो, पण बाकीचे गेले की अर्धी गोष्ट गेली. प्रिंटवर चॅसिस नंबर, तारीख आणि किलोमीटर आलं पाहिजे. त्यांच्या मशीनमधून प्रिंट निघत नसेल तर स्क्रीनचा फोटो जॉब कार्डाला (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्राला) जोडून त्यावर शिक्का घ्या.

मग एस्टिमेट हातात पडलं: मीटर असेंब्ली बदलणे, एअरबॅग युनिट बदलणे, ड्रायव्हर एअरबॅग, प्रीटेन्शनर, बेल्ट. आकडा गाडीच्या किमतीचा मोठा लचका तोडणारा. पण का बदलायचं, याबद्दल चकार शब्द नाही. मीटर का बदलायचं विचारलं तर "सिस्टिममध्ये असंच येतं". मीटर उघडून आत काय केलंय ते दाखवा म्हटलं तर "आम्ही मीटर उघडत नाही, अख्खं बदलतो". हे खरंही आहे, त्यांच्यासाठी तो सीलबंद भाग. म्हणजे बनवाबनवी ज्या डबीत आहे ती डबी उघडायची नाही, आणि उघडली नाही म्हणून लिहायचंही नाही. 'छेडछाड' हा शब्द काढला की अ‍ॅडव्हायझर मॅनेजरकडे बोट दाखवतो, मॅनेजर जेवायला गेलेला असतो, आणि आल्यावर म्हणतो, "आम्ही कोणावर आरोप करत नाही." उद्या ग्राहक आयोगात साक्षीला बोलावतील ही भीती त्यामागे आहे, हे कळतं. पण तपासणीचे पैसे घेऊन निष्कर्ष तोंडीच सांगायचा, ही कुठली पद्धत?

कोंडी फुटली ती मागणी बदलल्यावर. मत मागायचं नाही, निरीक्षण मागायचं. कोणी केलं, का केलं, मुद्दाम केलं का, यातलं काहीच नाही. तीन वाक्यं कागदावर लिहून नेली:

'किल्ली ऑन स्थितीत असताना एसआरएस दिवा साठ सेकंदांनंतरही विझत नाही. इंजिन सुरू होताच एसआरएस दिवा बॅटरीच्या दिव्यासोबत विझतो. त्या वेळी एसआरएस युनिटमध्ये सोबतच्या प्रिंटमधले कोड चालू स्थितीत आहेत.'

यात आरोप नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना कारण उरलं नाही. टेक्निशियनला शेजारी बसवून घड्याळ लावून दाखवलं. जॉब कार्डाच्या 'टेक्निशियन रिमार्क'मध्ये हे आलं, सही-शिक्का झाला. त्याच संध्याकाळी सर्व्हिस मॅनेजरला ईमेल केला: आज आपल्या वर्कशॉपमध्ये झालेल्या तपासणीतली निरीक्षणं अशी, यात काही चूक असल्यास कळवावं, सोबत जॉब कार्डाचा फोटो. 'नोंद घेतली आहे' एवढंच उत्तर आलं, आणि तेवढं पुरेसं होतं. आडमुठेपणा चालूच राहिला तर कंपनीच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून तो नंबर ईमेलच्या विषयात टाका, जेवायला गेलेला मॅनेजर लवकर परततो.

मीटर बदलायला होकार देण्याआधी जॉब कार्डावर 'जुने सुटे भाग ग्राहकास परत' लिहून घ्या. जुनं मीटर हाच पुरावा आहे, तो भंगारात गेला तर उरतो फक्त तुमचा व्हिडिओ. जुन्या मीटरचं किलोमीटर आणि नव्यात भरलेलं किलोमीटर, दोन्ही आकडे बिलावर हवेत. नाहीतर उद्या गाडी विकताना किलोमीटर फिरवल्याचा संशय तुमच्यावरच येईल.

जुनं मीटर नंतर परवानाधारक सर्व्हेअरसमोर, व्हिडिओ चालू ठेवून, मीटर दुरुस्त करणाऱ्याकडून उघडलं. सर्किट बोर्डावरचा, एअरबॅगच्या एलईडीकडे जाणारा ट्रॅक ब्लेडने खरवडलेला, तिथून केसाएवढी इनॅमल वायर बॅटरीच्या एलईडीला डाग देऊन जोडलेली, वर ग्लू गनचा थेंब. काम सफाईदार होतं, हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. सर्व्हेअरने अहवालात तेच लिहिलं, फोटोंसह.

डीलरचं पुढचं उत्तर ठरलेलंच, 'आधीच्या मालकाने केलं असेल, आम्ही फक्त मध्यस्थ'. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये द्यायची असते, आणि त्यानंतर गाडी पुढच्याच्या नावावर होईपर्यंत मालक म्हणून जबाबदारी डीलरची. डीलरला पाठवलेल्या नोटिशीत हा फॉर्म मागितला, सोबत त्याचीच टिकमार्कवाली यादी, जॉब कार्ड आणि सर्व्हेअरचा अहवाल जोडला, तेव्हा मध्यस्थाची भाषा थांबली आणि दुरुस्तीच्या खर्चाची सुरू झाली. ती झाली नसती तर जिल्हा ग्राहक आयोग होताच: दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवायला काही जात नाही. गाडी शेजाऱ्यापाजाऱ्याकडून थेट घेतली असेल तर हा मार्ग सहसा लागू पडत नाही, म्हणून तिथे पैसे देण्याआधीच तपासा.

एक राहिलं, आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला कोणालाही मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू देऊ नका. मल्टिमीटरच्या करंटनेही बॅग उडू शकते. काम करायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ, साधारण दीड ते तीन मिनिटं, थांबायचं.

गाडी बघायला जाताना विम्याची जुनी पॉलिसी मागा. तीन-चार वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला नो क्लेम बोनस शून्य असेल तर क्लेम कशाचा झाला ते विचारा. सीट बेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या पट्टीवर महिना-वर्ष असतं. ते गाडीच्या उत्पादनाच्या तारखेनंतरचं असेल किंवा दोन्ही बेल्टवर बराच फरक असेल तर बेल्ट बदलला गेला असण्याची शक्यता मोठी.

आणि दिवा वेळेवर लागून वेळेवर विझला तरी खूश होऊ नका. उडालेल्या बॅगेच्या जागी दोन ओहमच्या आसपासचा, दोन-चार रुपयांचा रेझिस्टर लावला आणि युनिटमधला क्रॅश डेटा पुसून घेतला, की युनिटला बॅग जागेवर आहे असंच वाटतं. कोड नाही, दिवा नाही. एसआरएस युनिटचा लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर असेल तर प्रत्येक सर्किटचे ओहम बघा. खऱ्या बॅगा आणि प्रीटेन्शनरचे आकडे एकमेकांपेक्षा थोडे कमी-जास्त असतात. सगळीकडे अगदी 2.2 दिसलं तर स्टिअरिंगवरचं कव्हर काढून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.