घाटात शूर, सपाटीवर गार

१९ जानेवारी २०२०, मुंबई मॅरेथॉन. सकाळचे दहा वाजत आले होते आणि मी पेडर रोडच्या दुभाजकाला टेकून रस्त्यावर बसले होते. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई संत्र्याच्या फोडींची ताटली घेऊन उभी होती. तिनं काही न विचारता दोन फोडी माझ्या तोंडात कोंबल्या आणि म्हणाली, "उठा, आता उतारच आहे." ३५ किलोमीटर झाले होते, सात राहिले होते. मला रडू येत होतं, आणि ते दुखण्याचं नव्हतं, अपमानाचं होतं. कारण मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट आठवड्यातून तीनदा पळत चढणारी. पेडर रोडचा चढ म्हणजे आमच्या घाटाचं एखादं वळण, तेवढ्यावर मी बसले.

त्या दिवशी लागले ५ तास ४१ मिनिटं. पुढची पाच वर्षं मी तिथं का बसले हे शोधण्यात गेली, असं म्हटलं तरी चालेल.

आधी थोडं मागचं. मी बँकेत कॅश काउंटरला. २०१७ साली अडतिसाव्या वर्षी पळायला लागले, त्यामागे काही थोर कारण नव्हतं. काउंटरवर बसून कंबर धरायची आणि शेजारच्या वहिनी पळायला जायच्या. आमच्या गावात पळणाऱ्याला घाट टाळता येत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते, अर्धं अंतर चढ, अर्धं उतार, ऐन पावसाळ्यात. वर धुकं, रस्त्याच्या कडेला ढोल-ताशे, भिजलेल्या शाळेच्या पोरांचे टाळ्यांसाठी पुढे केलेले हात. सगळं गाव रस्त्यावर असतं. शिवाय जिल्हा ललिता बाबरचा. माण तालुक्यातल्या मोही गावची ही पोरगी २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली आणि दहावी आली. त्यानंतर आमच्याकडे पळणाऱ्या बाईकडे लोक जरा कमी टकमक बघायला लागले, हा माझा अंदाज.

पहिली हिल हाफ मी २ तास ५८ मिनिटांत केली, तिसरी २ तास २२ मध्ये. मग हिशेब मांडला. घाटात २१ किलोमीटरला २:२२, तर मुंबईच्या सपाट रस्त्यावर त्याच्या दुप्पट आणि वर पंधरा मिनिटं. म्हणजे पाच तास. कॅशियरचा हिशेब, चुकणार कसा? मुंबईत अर्धं अंतर २ तास २४ मिनिटांत केलं तेव्हा तर वाटलं की आपण हिशेबाच्याही पुढे आहोत. उरलेल्या अर्ध्याला ३ तास १७ लागले.

मुंबईहून घरी फोन केला तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, एकच प्रश्न विचारला, "मधे कुठं बसलीस का?" खोटं बोलवेना. तेव्हापासून दर रेसनंतर हाच प्रश्न ठरलेला.

लॉकडाऊनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काही महिने गच्चीवर गोल गोल पळाले, खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केल्यावर तेही बंद. २०२१ आणि २०२२ ला मुंबई मॅरेथॉन झालीच नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी सुभेदारकाकांच्या ग्रुपमध्ये गेले. काका फौजेतून निवृत्त, वय पासष्टच्या पुढे, अंगावर जुना ट्रॅकसूट आणि हातात चावीचं घड्याळ. त्यांनी माझ्या घड्याळातले जुने आकडे बघितले. रोजचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:४० मिनिटं, लाँग रनचा ६:४०, मुंबईत निम्म्यापर्यंतचा ६:४९. म्हणाले, "ताई, तुमच्याकडे एकच गिअर आहे." आणि मग जे म्हणाले ते मी आजही विसरले नाही. "घाटात सगळेच शूर. तिथं वेग घाट ठरवतो. चढाला दम लागला की माणूस आपोआप हळू होतो, उताराला नुसतं सोडून द्यायचं. सपाटीवर तुमचा वेग तुम्हाला ठरवावा लागतो. ते तुम्ही कधी केलेलंच नाही."

मग सुरू झाली माझी खरी परीक्षा. आठवड्यातले चार दिवस आठ मिनिटांच्या पेसनं पळायचं, त्याहून एक सेकंद जोरात नाही. पेस बरोबर आहे का हे तपासायची काकांची पद्धत अशी: पळता पळता २९ चा पाढा मोठ्यानं म्हणायचा. मधे श्वास तुटला तर वेग जास्त. शाहू स्टेडियमच्या मागच्या रस्त्यानं मी "एकोणतीस सत्ते दोनशे तीन" म्हणत जायचे आणि मॉर्निंग वॉकवाले आजोबा वळून बघायचे. एकदा तर एक आजी चालत माझ्या बरोबरीनं आल्या, थोडा वेळ सोबत चालल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "पाय दुखतोय का गं?"

या हळू पळण्यामागचं कारण मला नंतर कळलं. स्नायू आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो जोरात पळालं तर ३० किलोमीटरच्या आसपास संपत येतो. चरबीचा साठा मात्र शेकडो किलोमीटर पुरेल एवढा असतो, पण ती हळूहळू जळते. सावकाश आणि खूप वेळ पळालं की शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. मी इतकी वर्षं रोज साखर जाळत होते, तीही अर्धवट जोरानं. धड जोरात नाही, धड हळू नाही. पेडर रोडवर पाय गेले नव्हते, तिजोरी रिकामी झाली होती. कॅशियर असून हे कळायला दोन वर्षं लागली.

सपाट रस्ता साताऱ्यात शोधावा लागतो. त्यातल्या त्यात संगम माहुलीवरून कोरेगावकडे जाणारा रस्ता बरा. पण मुंबईची तयारी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शिगेला पोचते आणि तोच कारखान्यांचा गळीत हंगाम. पहाटेच्या अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर ढणढणणारी गाणी, रस्त्यावर सांडलेली कांडी. माझा घोटा दोनदा मुरगळला तो उसाच्या कांडीवर. घाटात सहा वर्षांत एकदाही नाही.

एवढं करून १५ जानेवारी २०२३ ला आले ५ तास १२. अर्ध्याला २:२२, उरलेल्याला २:५०. सुधारणा होती, पण शेवटचे दहा किलोमीटर मी अक्षरशः झोपेत काढले. नंतरही महिनाभर जिना चढला की धाप लागायची. एका डॉक्टरांनी तपासणी न करताच सांगितलं, "चाळिशी ओलांडली, आता चालत जा." मी गप्प घरी आले. खरं निदान आत्यांनी केलं. भाकरीचं पीठ मळताना माझा हात धरून म्हणाल्या, "नखं बघ तुझी. पांढरीफटक." दुसऱ्या डॉक्टरांकडे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ७. डॉक्टर म्हणाले, "एवढ्यावर ४२ किलोमीटर पळालात?" त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

रक्तानंच प्राणवायू स्नायूंपर्यंत जायचा. तेच पातळ असेल तर पाढा म्हणा नाहीतर काही करा. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि तीन महिन्यांनी आकडा जेमतेम हलला, कारण मी गोळी घेऊन लगेच कपभर चहा प्यायचे. चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्यानं लागतं, हे औषधाच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं. सकाळचा चहा दोन तास पुढे ढकलणं मला मॅरेथॉनपेक्षा जड गेलं. पाळी सुरू असलेल्या, पळणाऱ्या प्रत्येक बाईला मी आता आधी हेच विचारते की फेरिटिन कधी तपासलं. बुटांबद्दल तासभर बोलणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

ऑगस्टपर्यंत हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं. त्याच आठ मिनिटांच्या पेसला, त्याच पाढ्याला, नाडीचे ठोके दहा-बारानं कमी झाले. मग काकांनी आठवड्यातून एक दिवस जोरात पळायची परवानगी दिली. स्टेडियमवर ८०० मीटरच्या फेऱ्या, मधे जॉगिंग, आधी चार, वाढवत वाढवत आठ. अनेक महिने दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तसं झालं. घाट पंधरा दिवसांतून एकदा ठेवला, तो मन रमावं म्हणून. त्याचाही उपयोग होतोच, मांड्या दणकट होतात, विशेषतः उतारानं. पण माझं दुखणं मांड्यांचं नव्हतंच.

२१ जानेवारी २०२४ ला ४ तास ४६. अर्ध्याला २:१९, उरलेल्याला २:२७. मी वेळ बघायचं सोडून या दोन अर्ध्यांतला फरक बघायला लागले होते. ५३ मिनिटं, २८ मिनिटं, ८ मिनिटं. दिवसअखेर कॅश जुळवताना फरक कमी होत यावा तसं.

उरलेल्या आठ मिनिटांत दोन गोष्टी होत्या. एक खाणं. मी राजगिऱ्याची चिक्की घेऊन पळायचे. २५ किलोमीटरनंतर कोरड्या तोंडात राजगिरा म्हणजे वाळू. गुळाचे खडे खिशात वितळून सगळा खिसा चिकट व्हायचा. शेवटी नाइलाजानं जेल घेतलं, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, ज्याची चव मला अजून आवडत नाही, पण दर ४० मिनिटांनी एक, भूक लागायच्या आधी. पहिलं सहाव्या-सातव्या किलोमीटरलाच. तेव्हा गरज वाटत नाही, आणि गरज वाटायला लागते तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट हवा. जानेवारीत साताऱ्याला पहाटे स्वेटर लागतो. मुंबईत सुरुवातीच्या रांगेत उभ्या उभ्या कपाळ ओलं होतं. दमट हवेत घाम सुकत नाही, सुकला नाही तर अंग थंड होत नाही, आणि हृदय त्याच वेगासाठी जास्त पळतं. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरपासून मी रविवारचा लाँग रन मुद्दाम साडेसातला सुरू करायला लागले, म्हणजे शेवटचा तास भर उन्हात. हे मला "आता तरी सावलीत ये" असं म्हणत मोटारसायकलवरून मीठ-लिंबू-पाणी घेऊन मागे यायचे. कोरेगाव रस्त्यावरच्या दोन रसवंतीवाल्यांना आमची जोडी पाठ झाली होती.

१९ जानेवारी २०२५. सुरुवातीचे दहा किलोमीटर लोकं माझ्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होती आणि मी मनात पाढा म्हणत होते. मरीन ड्राइव्हवर अंधार होता, सी लिंकवर उजाडलं. पुलावर बघे नसतात, हजारो बुटांचा पावसासारखा आवाज तेवढा येतो. अर्धं अंतर २:१५:१२. माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी. हाजी अली मागे पडलं तेव्हा मघाशी सुसाट गेलेले बरेच जण चालताना दिसायला लागले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पेडर रोडचा चढ आला. ती संत्रीवाली बाई दिसली नाही, पण दुसऱ्या कुणाच्या ताटलीतली फोड मी पळत पळत उचलली. दुभाजकाकडे मुद्दाम बघितलं.

४ तास ३१ मिनिटं १० सेकंद. दुसरं अर्धं २:१५:५८. फरक ४६ सेकंदांचा. साडेचारचं स्वप्न होतं, ते मिनिटभरानं हुकलं, आणि ते मिनिट कुठं गेलं हे मला नेमकं ठाऊक आहे.

पदक गळ्यात घालून फूटपाथवर उभी राहिले, कारण बसले असते तर उठता आलं नसतं. घरी फोन लावला. आत्यांनीच उचलला.

"मधे कुठं बसलीस का?"

"एकदाच आत्या, शिवाजी पार्काच्या जवळ. पण तिथंसुद्धा रांग होती."