सिम लॉक तसाच, फोन मात्र रूट झाला

पुण्याच्या बुधवार पेठेत मोबाइल दुरुस्तीचे काम करताना परदेशातून आलेले फोन नियमितपणे हाताखाली येतात. मुलगा किंवा मुलगी तिकडे नेटवर्क कंपनीच्या करारावर, हप्त्यांनी घेतलेला फोन वापरून झाला की सुट्टीत येताना आईवडिलांसाठी घेऊन येते. इथले सिम घातले की पडद्यावर सिम नेटवर्क अनलॉक पिन मागणारी चौकट येते आणि तो फोन आमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर पोहोचतो. आपल्याकडे फोन पूर्ण किमतीला विकत घ्यायचा आणि हवे ते सिम घालायचे अशीच रीत असल्यामुळे या कुलपाची, म्हणजे फोनला एकाच कंपनीच्या सिमशी बांधणाऱ्या सिम लॉकची, आपल्याला फारशी ओळख नाही. २००८ मध्ये भारतात आलेला आयफोन ३जी किंवा २०१७ चा जिओफोन असे अपवाद सोडले, तर नेटवर्कने बांधलेला फोन इथल्या ग्राहकाने पाहिलेलाच नसतो. त्याहून खेदाची गोष्ट अशी, की तो दुरुस्त करायला बसलेल्या अनेकांनाही हे कुलूप नेमके फोनच्या कोणत्या भागात असते हे ठाऊक नसते.

भोरहून आलेल्या काकूंचा फोन हे त्याचेच उदाहरण होते. काकू घरी शिवणवर्ग चालवतात. त्यांची मुलगी इंग्लंडमध्ये परिचारिका आहे आणि तिने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या करारावर घेतलेला सॅमसंग गॅलेक्सी एस१० तिने आईला दिला होता. काकूंचे सिम जुन्या फोनातच होते. या फोनवर त्या घरच्या वायफायवर व्हॉट्सॲप वापरत आणि मुख्य म्हणजे त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याने पेपर कटिंगचे फोटो काढत. प्रत्येक फोटोत खाकी कागदावरचा कटोरी ब्लाउजचा किंवा कुर्त्याचा आकार आणि शेजारी पेन्सिलीने लिहिलेली मापे असत, म्हणजे छाती, मुंढा, शोल्डर, टक्स. पुढे दोन फोन सांभाळण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी हा फोन एका दुकानात दिला आणि भारतातले सिम चालू करून मागितले. ते दुकान कोणते हे मी इथे लिहिणार नाही.

माझ्याकडे आल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, फोन उघडून दिलाय म्हणाले, पण सिम अजून घेत नाही. आणि माझे सगळे फोटो गेले."

मी फोन बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कंपनीचे नाव दिसण्याआधीच इशाऱ्याचा पडदा आला. बूटलोडर अनलॉक केलेला आहे, या फोनमधील सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही, महत्त्वाची माहिती यात ठेवू नये, अशा आशयाचा तो मजकूर असतो. बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सुरुवातीला चालणारा आणि आतले सॉफ्टवेअर कंपनीचेच आहे ना हे तपासणारा भाग. पुढे काय झाले असेल हे मला तिथेच कळले. फोनच्या कव्हरमध्ये मागच्या बाजूला घडी घातलेली एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर काकूंच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते : "चालू करताना आवाज वाढवायचे बटण, डावीकडचे खालचे बटण आणि पॉवर एकदम दाबणे. नाव दिसले की सोडणे."

बाहेरच्या माणसाला ही चिठ्ठी निरर्थक वाटेल, पण आमच्या धंद्यातल्या माणसाला ती पूर्ण हकीकत सांगते. रूट करण्यासाठी, म्हणजे फोनच्या अँड्रॉइडचा पूर्ण ताबा मिळवण्यासाठी, हल्ली बहुधा मॅजिस्क नावाचे सॉफ्टवेअर वापरतात आणि बऱ्याच फोनांत ते बूट विभागात, म्हणजे अँड्रॉइड सुरू करणाऱ्या भागात, बसवले जाते. एस१० हा अँड्रॉइड ९ घेऊन बाजारात आलेला फोन असल्यामुळे त्याच्या बूट विभागाची रचना वेगळी आहे आणि त्यात मॅजिस्क रिकव्हरी विभागात, म्हणजे फोन सावरण्यासाठी राखून ठेवलेल्या भागात, बसवावे लागते. परिणामी साध्या पद्धतीने चालू केलेला फोन रूट नसतो, ठरावीक बटणे दाबून चालू केला तरच तो रूट होऊन उठतो. दुकानदाराने रूट करून पाहिले, सिम चालेना, आणि रूट जागे न झाल्यामुळेच सिम चालत नसावे असा समज करून घेऊन त्याने काकूंना ही बटणे लिहून घ्यायला सांगितली. पासष्टीतली बाई रोज सकाळी ती तीन बटणे दाबून सिम चालू होण्याची वाट पाहत होती.

कुलूप कुठे होते आणि हात कुठे घातला गेला, हे आता नीट सांगतो. फोनमध्ये अँड्रॉइड चालवणारा मुख्य प्रोसेसर एक आणि नेटवर्कशी बोलणारा मोडेम दुसरा. मोडेमचे स्वतःचे सॉफ्टवेअर असते, ते कंपनीच्या स्वाक्षरीने बंदिस्त केलेले असते आणि अँड्रॉइडच्या आज्ञेत राहत नाही. सिम घातले की मोडेम त्यातील ग्राहक क्रमांक वाचतो. हा क्रमांक सहसा पंधरा आकडी असतो, त्याचे पहिले तीन आकडे देशाचे आणि त्यानंतरचे दोन किंवा तीन नेटवर्कचे असतात. ब्रिटनचे आकडे २३४ आणि २३५, भारताचे ४०४ आणि ४०५. करारावर विकलेल्या फोनच्या मोडेमला फक्त एका नेटवर्कचे आकडे मान्य करायला सांगितलेले असते, त्यामुळे दुसरे काही दिसले की तो पिन मागतो. हा पिन त्या फोनच्या आयएमईआयशी, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशी, बांधलेला असतो आणि तो नेटवर्क कंपनीकडूनच मिळतो. म्हणजे सिम लॉक ही मुळात कराराची बाब आहे : हप्ते फिटले, अटी पूर्ण झाल्या की अर्ज करायचा आणि पिन घ्यायचा. फोनमधले एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागत नाही आणि एकही फोटो पुसला जात नाही.

रूट करणे म्हणजे मुख्य प्रोसेसरवरच्या अँड्रॉइडमध्ये सर्वाधिकार मिळवणे. निर्मात्याने बंद ठेवलेल्या फाइली बदलता येतात, नको असलेली ॲप मुळासकट काढता येतात, दुसरी प्रणाली चढवता येते. जाणकार माणूस स्वतःच्या फोनवर समजून उमजून हे करत असेल तर माझा त्याला विरोध नाही, मी स्वतः जुन्या फोनांना अशा रीतीने नवे आयुष्य दिलेले आहे. मात्र त्यासाठी आधी बूटलोडर उघडावा लागतो आणि तो उघडताना फोन आतली सगळी माहिती पुसतो. कोणीतरी चोरलेला फोन उघडून आतले वाचू नये म्हणून हे मुद्दाम तसे केलेले आहे. एवढे करूनही मोडेम आपल्या जागी तसाच राहतो आणि पिन मागत राहतो, कारण त्याला अँड्रॉइडमधल्या सर्वाधिकाराशी काही देणेघेणे नसते.

मग इतक्या दुकानांत सिम लॉकसाठी फोन रूट का करतात? याचे उत्तर मला माहीत आहे आणि त्यामुळेच त्या दुकानदारावरचा माझा राग पूर्णपणे उभा राहत नाही. २०१० साली आलेल्या पहिल्या गॅलेक्सी एसमध्ये सिम लॉकची माहिती ईएफएस विभागातल्या, म्हणजे फोनची ओळख आणि नेटवर्कची माहिती ठेवणाऱ्या भागातल्या, एका फाइलमध्ये असे. फोन रूट केला की ती फाइल बाहेर काढता येई आणि तिच्यातून अनलॉकचा पिन शोधता येई. त्या काळात हे काम अनेकांनी केले, ग्राहक खूश झाले, आणि "आधी रूट, मग अनलॉक" हा क्रम हाताला बसला. नंतरच्या फोनांत ही माहिती सुरक्षित केली गेली, पण धंद्यात ज्ञान तोंडी फिरते आणि ते कालबाह्य झाल्याची सूचना कोणी देत नाही. त्यात भर म्हणजे त्याच ईएफएस विभागात फोनचा आयएमईआयही असतो. तिथे अंदाजाने हात घातला तर फोनचा क्रमांकच नाहीसा होतो, आणि आयएमईआयशी छेडछाड हा आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे. काकूंच्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून पाहिले तेव्हा क्रमांक शाबूत होता आणि खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळत होता. तेवढे नुकसान टळले होते.

बाकीचे टळले नव्हते. केबल लावून डाउनलोड मोडमध्ये, म्हणजे फोनवर सॉफ्टवेअर चढवण्याच्या पडद्यावर, पाहिले, तेव्हा नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेची वॉरंटीची नोंद शून्याऐवजी एक दाखवत होती, म्हणजे सॉफ्टवेअरशी छेडछाड झाल्याची खूण उमटली होती. नॉक्सची ही खूण चिपमधल्या फ्यूजवर असते. घरातल्या फ्यूजची तार उडाली तर दुसरी टाकता येते, ही टाकता येत नाही. फोन कितीही मूळ स्थितीत आणला तरी त्यावर खासगी फाइली कुलपात ठेवणारे सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पैसे भरण्याची सोय पुन्हा चालत नाही. काकूंना या दोन्हींची गरज नव्हती. परंतु रूट असेपर्यंत बँकेचे ॲप उघडत नव्हते, आणि सिम चालू झाल्यावर त्यांना त्याच फोनवर यूपीआय हवे होते.

फोटोंबद्दल मी त्यांना फार वेळ आशेवर ठेवले नाही. या फोनातील माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि फोन पुसला गेला की ती उलगडण्याच्या किल्ल्याच नष्ट होतात. पुसलेले फोटो परत आणण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर अशा ठिकाणी निव्वळ वेळ खातात. मेमरी कार्डाची जागा रिकामी होती, गूगलवर फोटो जात नव्हते, व्हॉट्सॲपचा बॅकअपही सुरू नव्हता. मी विचारले, "काकू, हे फोटो तुम्ही कोणाला पाठवत होता का?" शिवणवर्गाचा एक गट होता आणि त्यात अनेक कटिंग मुलींना पाठवलेली होती. मी त्यांना सांगितले की जुन्या विद्यार्थिनींना फोन करा, त्यांच्या गॅलरीत ती अजून असतील. पुढच्या काही दिवसांत त्यातला बराचसा भाग परत गोळा झाला. जे आकार त्यांनी शिकवायच्या आधी नुसतेच टिपून ठेवले होते, ते गेले.

फोन मूळ स्थितीत आणताना त्याच मॉडेलचे आणि त्याच प्रदेशाचे मूळ फर्मवेअर, म्हणजे कंपनीने फोनसाठी दिलेले सॉफ्टवेअर, लागते. त्यातला बूटलोडरचा आवृत्ती आकडा फोनमधल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर फोन ते नाकारतो, त्यामुळे फाइल उतरवण्याआधी तो आकडा पाहणे हे माझ्या मते या कामातले सर्वात महत्त्वाचे पाऊल आहे. ते चढवले, फोन एकदा नीट चालू होऊ दिला, आणि मगच बूटलोडर पुन्हा बंद केला. बदललेले सॉफ्टवेअर आत असताना बूटलोडर बंद केला तर फोन चालू व्हायला नकार देतो, आणि असे फोनही माझ्याकडे आलेले आहेत. इशाऱ्याचा पडदा गेला, बँकेचे ॲप उघडले. सिम घातले, पिनची चौकट पुन्हा आली, आणि ती यावी अशीच माझी अपेक्षा होती.

त्यानंतर काकूंच्या मुलीशी बोललो. ब्रिटनच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ऑफकॉमने, १७ डिसेंबर २०२१ पासून मोबाइल कंपन्यांना कुलूपबंद फोन विकण्यास मनाई केली आहे. हा फोन त्याआधीचा, त्यामुळे कुलूप स्वाभाविक होते, पण करार केव्हाच पूर्ण झालेला होता. मी तिला सांगितले की ज्या खात्यावर फोन घेतला त्याची माहिती आणि आयएमईआय देऊन नेटवर्क कंपनीकडे अर्ज कर. तिला वाटले होते की हे काम भारतात कोणत्याही दुकानात होते. काही दिवसांनी ईमेलवर आठ आकडी पिन आला. काकूंनी दुकानात बसून तो स्वतःच्या हाताने टाकला, फोनने नेटवर्कचे कुलूप निघाल्याचे सांगितले आणि थोड्या वेळात वरच्या पट्टीत रेंजच्या कांड्या उभ्या राहिल्या. त्यांनी पहिला फोन मुलीला लावला आणि तिच्याशी बोलता बोलता मला विचारले, "हे इतकेच होते, तर त्यांनी पैसे कशाचे घेतले?"

मी त्यांना उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेलो आणि फोनचे मॉडेल सांगून सगळे मांडले. तो माणूस लबाड नाही, त्याच्या हाताची सोल्डरिंग माझ्यापेक्षा सफाईदार आहे. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "पण पूर्वी तर व्हायचे ना?" पूर्वी व्हायचे हे खरे आहे, म्हणून मला त्यावर लगेच बोलता आले नाही. तरीही पुसण्याआधी फोनने त्याला स्पष्ट सूचना दिली होती. सगळी माहिती जाईल असे लिहिलेल्या पडद्यावर बटण दाबून त्याने पुढे जाण्यास होकार दिला, आणि समोर बसलेल्या ग्राहकाला विचारले नाही. जुने ज्ञान ही सबब मी मान्य करतो. न विचारता होकार देणे मला मान्य होत नाही, आणि हे मी त्याला तसेच सांगितले. काकूंचे पैसे त्याने परत केले.

तेव्हापासून माझ्या पावतीवर सिम लॉकचे काम आणि बूटलोडर किंवा रूटचे काम अशा दोन वेगळ्या ओळी आहेत आणि दुसऱ्या ओळीपुढे माहिती पुसली जाईल हे वाचून ग्राहकाने सही करायची आहे. सिम लॉकच्या ओळीपुढे मी रक्कम लिहीत नाही, नेटवर्क कंपनीकडे अर्ज कसा करायचा ते लिहून देतो. शेजारचे दुकानदार म्हणतात की ग्राहक वाचत नाही, सही करून मोकळा होतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे, म्हणून सही घेण्याआधी ती ओळ मी मोठ्याने वाचून दाखवतो.